शिक्षकांमधील छायाचित्र-सहभाजन : प्रकार, साधने, मर्यादा

प्रस्तुत विवेचनात ‘छायाचित्र’ म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतलेले आणि फाइलच्या रूपात साठवलेले स्थिर चित्र. ‘सहभाजन’ म्हणजे असे चित्र इंटरनेटद्वारे इतरांपुढे अशा रीतीने ठेवणे, की त्यांना ते पाहता येईल आणि पाहिल्यावर त्याबाबत काही करताही येईल. व्याख्येचा उत्तरार्ध आवश्यक आहे, कारण चित्र न उघडताही पुढे ढकलता येते; अशा ढकलण्याला सहभाजन म्हणता येत नाही. ‘आस्वाद’ म्हणजे पाहणाऱ्याकडून घडणारी क्रिया : ओळखणे, ताडून पाहणे, आठवणे, शंका घेणे, उत्तर देणे. विवेचनाचे क्षेत्र महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे शिक्षक, आणि त्यातही केंद्रपातळीवर चालणारे त्यांचे व्हॉट्सअॅप समूह, एवढेच आहे. अशा समूहात मुख्याध्यापक, शिक्षक आणि केंद्रप्रमुख एकत्र असतात, ही बाब पुढील वर्गीकरणात महत्त्वाची ठरते.

हेतूनुसार शिक्षकांच्या छायाचित्रांचे तीन प्रकार पडतात. (१) पुरावाचित्र : अमुक गोष्ट घडली हे वरिष्ठांना दाखवणारे. (२) स्मृतिचित्र : घडलेली गोष्ट सहभागी व्यक्तींसाठी जपणारे. (३) प्रश्नचित्र : पाहणाऱ्याला काही शोधायला लावणारे. हा भेद चित्राच्या विषयाचा नसून उपयोगाचा आहे. वृक्षारोपणाचे एकच चित्र अहवालात पुरावा असते, निरोपसमारंभात स्मृती असते, आणि ‘यातले कोणते रोप जगले असेल व का?’ असे विचारताच तेच प्रश्नचित्र होते.

पुरावाचित्राचे स्वरूप सर्वपरिचित आहे. मागे फलक, फलकावर उपक्रमाचे नाव आणि दिनांक, पुढे ओळीने उभी मुले, कडेला शिक्षक; अलीकडे खालच्या कोपऱ्यात नकाशा आणि अक्षांश-रेखांशांची पट्टी. अशा चित्रात पाहण्याजोगे काही उरत नाही, कारण ते पाहण्यासाठी काढलेले नसून मोजण्यासाठी काढलेले असते. या प्रवृत्तीचे टोक २०१६ च्या अखेरीस दिसले. शाळाबाह्य मुलांचे प्रमाण कमी व्हावे या हेतूने शिक्षकांनी ठरावीक सोमवारी विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून ती शासनाच्या प्रणालीवर चढवावी, असा आदेश राज्यात निघाला आणि शिक्षक संघटनांच्या विरोधानंतर तो स्थगित झाला. पुरावाचित्र अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. पोषण आहार शिजला की नाही, छताची दुरुस्ती झाली की नाही, याला पुरावा लागतोच. आक्षेप एवढाच, की ज्या समूहात पुरावाचित्रे जातात त्याच समूहात इतर चित्रे गेली, तर पाहणारा सर्वांकडे पुराव्याच्याच नजरेने पाहतो. त्यावर येणारी टाळ्यांची चिन्हे आणि ‘अतिशय स्तुत्य उपक्रम, सर’ ही प्रतिक्रिया हे उत्तर नसून पोच होय. यावरून पहिला नियम मिळतो : आस्वादासाठीचा समूह अहवालाच्या समूहापासून वेगळा असावा, आणि त्यात केंद्रप्रमुख असलेच तर त्यांनीही इतरांप्रमाणे चित्र टाकावे.

स्मृतिचित्राविषयी फार सांगण्यासारखे नाही. सहल, स्नेहसंमेलन, सेवापूर्ती हे त्याचे प्रसंग. त्याचा आस्वाद मुख्यतः तिथे हजर असलेल्यांनाच मिळतो. इतरांना तो मिळावा असा आग्रह धरल्यानेच एका सहलीची दोनशे चित्रे समूहात येतात. इथे एकच कौशल्य लागते, ते निवडीचे. एका प्रसंगाची दहा-बारा चित्रे ठेवावीत, प्रत्येकाखाली स्थळ, काळ आणि चित्र घेणाऱ्याचे नाव असावे, आणि निदान एक चित्र असे असावे ज्यात कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

प्रश्नचित्र हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे. ज्याचे उत्तर चित्रात उपस्थित आहे, परंतु पहिल्या दृष्टिक्षेपात दिसत नाही, ते प्रश्नचित्र. त्याचे चार उपप्रकार संभवतात : अंशावरून पूर्णाची ओळख, अनेक स्थळांची तुलना, एकाच स्थळाचा कालक्रम, आणि चुकीचे वाचन. यांतील पहिला सर्वांत सोपा, तर दुसरा सर्वांत फलदायी आहे. चौथा नाजूक आहे.

अंशावरून पूर्णाची ओळख हा उपप्रकार एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शेवग्याची कोवळी शेंग आडवी कापून त्या कापाचे अगदी जवळून चित्र घेतले आणि शीर्षक न देता समूहात ठेवले, असे समजा. चित्रात बोथट तीन कोपरे असलेला हिरवा काठ, आत पांढरा गर आणि मध्ये बी दिसते. कोणी भेंडी म्हणेल. दुसरा कोपरे मोजून ती बाद करेल, कारण भेंडीला साधारणतः पाच कोपरे असतात. दोडक्याला त्याहून अधिक शिरा असतात, म्हणून तोही जातो. कच्चे केळे हा पर्याय अधिक टिकाऊ आहे, कारण केळ्याच्या कापातही मध्याभोवती तीन भाग दिसतात. परंतु त्याची साल गरापासून सुटी दिसते. मग उरते शेवग्याची शेंग. या चर्चेत झाले काय, तर कोपरे मोजले गेले, पर्याय मांडले गेले आणि कारण देऊन ते खोडले गेले. वर्गात निरीक्षण शिकवताना हेच अपेक्षित असते. इथे ते शिक्षक स्वतःच्या करमणुकीसाठी करतात, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात तेच चित्र मुलांपुढे ठेवतात.

या उपप्रकाराच्या तीन अटी आहेत. एक, उत्तराची शहानिशा चित्रावरूनच करता आली पाहिजे. ज्याचे उत्तर केवळ टाकणाऱ्यालाच ठाऊक असू शकते, असे चित्र कोडे नसून अडवणूक होय. दोन, उत्तर ठरलेल्या वेळेपर्यंत राखून ठेवावे, म्हणजे उशिरा समूह उघडणाऱ्यालाही संधी मिळते. तीन, यंत्राने एका झटक्यात सुटेल असा प्रश्न टाळावा. २०१७ पासून गूगल लेन्ससारखी साधने उपलब्ध आहेत. पूर्ण फूल किंवा पूर्ण पान दाखवल्यास त्याचे नाव काही सेकंदांत मिळते. म्हणून चित्र अंशाचे असावे, किंवा नाव आधीच सांगून प्रश्न पुढचा विचारावा : काटे पानाच्या जागी आहेत की फांदीच्या जागी? मुंग्या फुलावर आहेत की देठावर? ‘हे काय?’ या प्रश्नापेक्षा ‘हे असे का?’ हा प्रश्न यंत्राच्या युगात अधिक टिकतो.

दुसरा उपप्रकार अनेक स्थळांच्या तुलनेचा. इथे सहभाजन हे केवळ सोयीचे नसून अनिवार्य ठरते, कारण एकट्याचे चित्र काहीच सिद्ध करत नाही. याचे उत्तम उदाहरण शून्य सावलीचे आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोन दिवस मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाखाली लपते. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे राज्यातील प्रत्येक शाळेच्या वाट्याला हे दोन दिवस येतात. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा हा दिवसही सरकतो : कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मेच्या सुमारास. परतीच्या प्रवासात क्रम उलटतो. नागपूर जुलैच्या मध्यावर, मुंबई आणि पुणे जुलैच्या अखेरीस, कोल्हापूर ऑगस्टच्या आरंभी.

कृती साधी आहे. सपाट फरशीवर स्टीलचा सरळ कडांचा पेला उपडा ठेवावा, किंवा ओळंब्याने सरळ केलेली काठी उभी करावी, आणि स्थानिक मध्यान्हीच्या आगेमागे दर पाच मिनिटांनी एकाच उंचीवरून चित्र घ्यावे. घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे मेच्या मध्यावर तिथे मध्यान्ह सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी होते, तर नागपुरात मेच्या अखेरीस सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, आणि तो सवासहा अंश रेखांशांच्या अंतराशी जुळतो, कारण पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात.

आता या चित्रांचे सहभाजन घ्यावे. एका चित्रात केवळ एक पेला आणि त्याची नसलेली सावली. सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंतची चित्रे अक्षांशानुसार एका ओळीत लावली, की दिनांकांची एक पायरी दिसू लागते. ती पायरी समान उंचीची नाही, हे त्यानंतर ध्यानात येते. कोल्हापूर ते मुंबई हे अंतर सुमारे २.४ अंश अक्षांशांचे. ते पार करायला सूर्याला नऊ दिवस लागतात. मुंबई ते नागपूर हे अंतर सुमारे २.१ अंशांचे, म्हणजे कमी. तरी तिथे दहा-अकरा दिवस जातात. जूनच्या संक्रांतिबिंदूकडे जाताना सूर्याची उत्तरेकडील चाल मंदावते, हे पाठ्यपुस्तकातील विधान इथे शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलमधून काढलेले असते. अडचण ऋतूची आहे. मेमधील दिवस उन्हाळी सुट्टीत येतो, जुलैमधील दिवस ढगांत जातो. पैकी पहिली अडचण शिक्षकांच्या पथ्यावर पडते. सुट्टीत ते आपापल्या गावी गेलेले असतात, त्यामुळे एकाच केंद्रातील शिक्षकांची चित्रे अनेक जिल्ह्यांतून येऊ शकतात.

तुलनेचे इतर विषयही संभवतात : घरांच्या छपरांचे उतार, विहिरींचे कठडे, आठवडी बाजारातील मापे, भाकरीचे धान्य, मैलाचे दगड. यांपैकी प्रत्येकात स्थानिक कारण दडलेले असते. कोकणातील कौलारू छपराचा तीव्र उतार आणि मराठवाड्यातील मातीचे सपाट धाबे ही दोन चित्रे शेजारी ठेवली, की पर्जन्यमानाचा धडा निम्मा होतो.

तिसरा उपप्रकार कालक्रमाचा. शाळेच्या आवारातील एक झाड निवडून दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच वेळी चित्र घ्यावे. उभे राहण्याच्या जागी दगड पुरला नाही, तर वर्षाअखेर बारा वेगवेगळी झाडे दिसतात. पळस, पांगारा, बहावा यांसारखी पानगळ आणि फुलोरा ठळक असलेली झाडे यासाठी योग्य होत. वडाचे चित्र वर्षभर तेच दिसते आणि उत्साह मावळतो. झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या नोंदी नागरिकांकडून आणि शाळांकडून गोळा करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम भारतात चालू आहे. आपल्या चित्रांना व्यापक उपयोग असावा असे ज्यांना वाटते, त्यांना तो मार्ग खुला आहे.

चौथा उपप्रकार चुकीच्या वाचनाचा. मुलांच्या वह्यांतील आणि उत्तरपत्रिकांतील चुका हा शिक्षकांच्या समूहांतील सर्वांत लोकप्रिय विनोद होय. त्या विनोदाची किंमत मूल चुकते करते, म्हणून त्याला या विवेचनात आस्वाद म्हणून स्थान नाही. परंतु तेच पान प्रश्नचित्र होऊ शकते. दुसरीतील मुलाला ‘एकवीस’ लिहायला सांगितले आणि त्याने १२ लिहिले. नाव आणि शाळा कापून केवळ ती ओळ समूहात ठेवली आणि विचारले, ‘या मुलाने काय ऐकले असेल?’ मराठीत दोन अंकी संख्येचे एकक आधी उच्चारले जाते आणि दशक नंतर. मुलाने ज्या क्रमाने ऐकले त्या क्रमाने लिहिले. त्याची चूक तर्कशुद्ध आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. त्या वादात ज्यांनी एकही वही पाहिलेली नव्हती अशांची संख्या थोडी नसावी. या प्रकारच्या दहा चित्रांचा संग्रह प्रशिक्षणवर्गातील दहा तासांना भारी पडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रकारांनंतर साधनांचा विचार क्रमप्राप्त होतो. साधने कार्यानुसार तीन होत : प्रवाह, संग्रह आणि भांडार. व्हॉट्सअॅपचा समूह हा प्रवाह आहे. त्यात नवे चित्र जुन्याला वर ढकलते. म्हणून एका दिवसात सुटणाऱ्या कोड्याला तो योग्य आणि वर्षभराच्या झाडाला अयोग्य. शिवाय तो सर्वसाधारण रीतीने पाठवलेले चित्र आकुंचित करतो आणि फाइलमध्ये दडलेली वेळ, स्थळ, कॅमेरा ही माहिती काढून टाकतो. तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ही माहिती शाबूत राहते. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दोन उलट हानी संभवतात. सावलीचे चित्र साध्या रीतीने पाठवले, तर नेमकी हवी असलेली वेळ नष्ट होते. मुलाच्या घराचे चित्र दस्तऐवज म्हणून पाठवले, तर नको असलेले स्थळ सर्वांना कळते.

संग्रहाचे रूढ साधन गूगल फोटोज हे आहे. ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. सामायिक अल्बम करून दुवा पाठवला, की इतर शिक्षक त्यात आपली चित्रे घालू शकतात आणि प्रत्येक चित्राखाली लिहू शकतात. स्थळाची माहिती दाखवायची की नाही हेही ठरवता येते. अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून संपली; आता ईमेल, ड्राइव्ह आणि चित्रे मिळून १५ जीबी एवढीच विनामूल्य जागा मिळते. तुलनेच्या प्रकल्पासाठी गूगल स्लाइड्सची सामायिक फाइल अल्बमपेक्षा बरी. प्रत्येक शाळेला एक पान द्यावे, वर चित्र, खाली दोन ओळी. पानांचा क्रम अक्षांशानुसार वा दिनांकानुसार बदलता येतो, आणि क्रम बदलणे हाच तिथला खेळ असतो.

भांडाराचे उदाहरण विकिमीडिया कॉमन्स. २००४ पासून चालू असलेल्या या भांडारात स्वतः काढलेले चित्र मुक्त परवान्याने देता येते आणि ते मराठी विकिपीडियासह कोणत्याही भाषेतील लेखात वापरता येते. गावातील बारव, वीरगळ, जुना वाडा, शेतीची अवजारे यांची चित्रे इथे द्यावीत. परवाना दिल्यानंतर तो मागे घेता येत नाही, म्हणून हे साधन निवांतपणे निवडावे आणि मुलांची चित्रे त्यात मुळीच देऊ नयेत.

आता मर्यादा. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. विद्यार्थ्याने काढलेल्या चित्राखाली शिक्षकाचे नाव घालणे गैर आहे, मग मोबाइल कोणाचाही असो. मुलांच्या चित्रांबाबत तीन पायऱ्या कराव्यात. पहिली, चेहरा नसलेली चित्रे : हात, पाटी, सावली, पाठमोरी रांग. दुसरी, चेहरा असलेली परंतु ज्ञात व्यक्तींच्या बंद समूहातील. तिसरी, चेहरा असलेली आणि सर्वांसाठी खुली. प्रत्येक पायरीगणिक संमतीची गरज वाढते. अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवतो. प्रवेशअर्जातील एका सरसकट सहीत ही संमती सामावलेली आहे, असे समजणे धोक्याचे आहे. तसेच चेहऱ्यासोबत नाव, इयत्ता आणि शाळा देणे टाळावे. यांपैकी एकेक बाब निरुपद्रवी, एकत्र आल्यास पत्ता.

इथे वरील वर्गीकरणाचा एक अनपेक्षित उपयोग दिसतो. पुरावाचित्राला चेहरे लागतात, कारण हजेरी मोजायची असते. स्मृतिचित्राला लागतात, कारण माणसे आठवायची असतात. प्रश्नचित्राला चेहरा क्वचितच लागतो. शेंगेचा काप, पेल्याची सावली, पळसाची फांदी, वहीतील ओळ यांत कोणाचाही चेहरा नाही. जो प्रकार सर्वांत आस्वाद्य, तोच संमतीच्या दृष्टीने सर्वांत निर्वेध आहे.

आणखी एक मर्यादा दृष्टिहीन शिक्षकांच्या संदर्भात येते. त्यांच्या मोबाइलमधील वाचक-यंत्रणा संदेशातील अक्षरे वाचते, परंतु चित्रावर छापलेली ओळ तिला भरवशाने वाचता येत नाही. म्हणून वर्णन चित्रावर न कोरता चित्रासोबत मजकूर म्हणून लिहावे. दोन वाक्यांत चित्राचे वर्णन करायचे आणि इतरांनी त्या वर्णनावरून रेखाटन करून मूळ चित्राशी ताडून पाहायचे, हा खेळही यातून निघतो. वर्णनात काय निसटले, हे रेखाटने पाहताच कळते.

शेवटचा मुद्दा मालकीचा आहे. केंद्राचा अल्बम बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खासगी खात्यावर असतो. त्याची बदली झाली, की समूह सुटतो; अल्बम त्याने काढून टाकला, तर इतरांना तो दिसेनासा होतो. खाते दोन वर्षे वापरले गेले नाही, तर ते आतील सामग्रीसह हटवण्याचे धोरण गूगलने २०२३ पासून वैयक्तिक खात्यांसाठी स्वीकारले आहे. शाळा आणि संस्था यांच्या खात्यांना ते लागू नाही. यास्तव अल्बम शाळेच्या संस्थात्मक खात्यावर असावा. तसे खाते नसल्यास दर शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, बदल्यांच्या याद्या लागण्यापूर्वी, त्याची पूर्ण प्रत शाळेच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, आणि त्या पेन ड्राइव्हची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी.